पाच इंची पाइप आणि माझी अडीच इंची अक्कल

ट्रकचा धुराचा पाइप बदलून घेताना एका गॅरेजवाल्याने मला फसवलं. आकडा आधीच सांगून टाकतो, म्हणजे लाज एकदाची संपेल. ३८,५०० रुपये. त्यातले १५,००० मोबाइलवरून आगाऊ, २३,५०० रोख. त्या माणसाने करून ठेवलेलं निस्तरायला वर ३०,०००. एकूण ६८,५००.

मी इंदूरचा, लोकमान्य नगरात राहतो. पिथमपूरच्या एका कारखान्यात अकरा वर्षं स्टोअर सांभाळलं, मग गाडी घेतली. आयशर ट्रक, सतरा फुटी, २०१५ चा, बीएस-३ म्हणजे जुन्या प्रदूषण-नियमातला, टर्बोवाला. टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा ढकलणारी पंख्यांची जोडी; धुरातला पंखा ती टर्बाइन. एकच गाडी, तिच्यावरच घर चालतं. सांगायचं काय, तर पाइपाचं माप बाहेरून धरतात की आतून हे न कळणारा मी नव्हतो. घरात व्यास मोजायचा व्हर्निअर आहे. खणातून बाहेर काढला नाही, एवढंच.

देवास नाक्याच्या बाजूला एक गाळा. नंबर एका ओळखीच्याने दिला. पहिल्या फोनलाच समोरचा मराठीत सुरू झाला. इंदुरात गॅरेजवाला मराठी बोलतोय म्हटल्यावर आपला माणूस तिथेच निम्मा विरघळतो. "काका, आमचं मूळ साताऱ्याकडचं, तुम्ही घरचेच." आता ते "घरचेच" आठवलं की कानशिलं गरम होतात.

त्याचं म्हणणं असं: कंपनीचा अडीच इंची पाइप टर्बोचा गळा आवळतो. पाच इंची टाका, टर्बो मोकळा होईल, लिटरमागे एक किलोमीटर वाढेल. मी घरी कागदावर हिशोब केला. महिन्याला पाच हजार किलोमीटर, साडेसहाचं साडेसात झालं तर शंभरेक लिटर डिझेल वाचतं, म्हणजे नऊ हजारांच्या वर. चार-सव्वाचार महिन्यांत पैसे वसूल. हिशोब बरोबर होता. फक्त तो एक किलोमीटर कुठून येणार, हे मी विचारलं नाही.

आणि हे लक्षात घ्या, तो सगळंच खोटं बोलत नव्हता. टर्बोच्या पुढचा पाइप फार अरुंद असेल तर टर्बोला त्रास होतो, हे खरंच आहे. टर्बाइन फिरते ती अलीकडच्या आणि पलीकडच्या दाबातल्या फरकावर. पलीकडचा दाब जितका कमी तितकं बरं. पण त्याला मर्यादा आहे. दाब आधीच कमी असेल तर पाइप पाच इंची करा नाहीतर पन्नास इंची, हातात काही पडत नाही. टर्बोच्या मागचा, म्हणजे इंजिन ते टर्बो हा तुकडा तर रुंद करायचाच नाही. गरम वायूचा तिथलाच जोर टर्बाइन फिरवतो. हे मला माहीत होतं, आणि अर्धं माहीत असलेला माणूस अडाण्यापेक्षा लवकर फसतो.

आता तो क्षण. काम झालं होतं, गाडी उभी, इंजिन चालू. त्याने माझा हात धरून जुन्या पाइपाच्या तोंडामागे नेला. त्याच्या गाळ्यात तशीच एक गाडी होती, ती त्याने मुद्दाम चालू ठेवलेली. तळहाताला धूर सपकन लागला. मग माझ्या गाडीच्या पाच इंची तोंडामागे. हवा कशी, तर उन्हाळ्यात खिडकीतून यावी तशी मऊ. "बघा काका, प्रेशर गेलं की नाही?" मी हो म्हटलं. मान डोलावून हो म्हटलं!

व्यास दुप्पट झाला की क्षेत्रफळ चौपट होतं. तेवढाच धूर चौपट रुंद तोंडातून निघाला की वेग चौथा हिस्सा राहणार, हे सातवीतल्या पोराला कळेल. शेवटच्या तोंडाशी हवा मऊ लागते याचा अर्थ टर्बोपाशी दाब कमी झाला असा होत नाही. टर्बोपाशी काय चाललंय हे बघायचं तर टर्बोच्या लगेच पुढे पाइपाला नट वेल्ड करून दाब मोजायचा काटा, म्हणजे गेज, लावतात, भरलेली गाडी चढावर ओढतात आणि आलेला आकडा इंजिनाच्या मॅन्युअलमधल्या मर्यादेशी ताडतात. काट्याऐवजी कोणी तळहात दाखवत असेल तर तिथून निघा. मी निघालो नाही, उलट त्याच्या पोराला चहाचे शंभर रुपये दिले. ते वरच्या हिशोबात नाहीत.

चौथ्या दिवशी ड्रायव्हरचा फोन, गणेश घाटातून. ज्यांनी मानपूर ओलांडून खलघाटकडे भरलेली गाडी उतरवली आहे त्यांना तो उतार सांगायला नको. "बाऊजी, गाडी पकड़ नहीं रही. एक्झॉस्ट ब्रेक का बटन दबाता हूँ तो कुछ होता ही नहीं." पहिल्या गियरमध्ये, चार इंडिकेटर लावून, मधेमधे थांबत त्याने गाडी खाली आणली. माणूस जुना आहे म्हणून आली. मी त्या रात्री जेवलो नाही.

दुसऱ्या मेकॅनिकने पाइप कापला तेव्हा मी तिथे उभा होतो. पाच इंची नळीच्या पोटात आमचा जुना अडीच इंची पाइप जसाच्या तसा! वरून नुसती झूल चढवलेली. पाइपात बदललं होतं ते एकच: टर्बोच्या पुढे एक्झॉस्ट ब्रेकची झडप असते, जी बंद झाली की धूर कोंडतो आणि इंजिनच गाडीला रोखून धरतं, ती झडप कापून तिथे साधा तुकडा वेल्ड केलेला. "अडथळा" काढला म्हणे. फोन केला तर उत्तर आलं, "ती भंगारात गेली काका." वर बेलो, म्हणजे हादरे झेलणारा लवचिक जोड, नाही, पाइप टांगणारे हँगर पुरेसे नाहीत, म्हणून सगळं वजन टर्बोवर लटकलेलं. दोन स्टड तुटले, हाउसिंगला तडा.

टर्बोचे १४,२००. नवी झडप, पाइप आणि फिटिंग ११,३००. "पंप सेटिंग" म्हणून ५,००० घेऊन त्याने डिझेल वाढवून ठेवलं होतं, गाडी काळं ओकायला लागली, पीयूसीत धुराचा आकडा ७८ आला. माझ्या गाडीला मर्यादा ६५. पंप पुन्हा कॅलिब्रेट करायला ४,५००. अ‍ॅव्हरेज? साडेसहाचं सहा-दोन.

ज्यांच्या गाड्या बीएस-६ आहेत त्यांनी तर असल्या गाळ्याकडे फिरकूच नका. तिथे पाइपातच डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर, असतो, सेन्सर असतात; ते काढणं कायद्यातही बसत नाही.

आता ठाणं. पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्तात. दुसऱ्या दिवशी मुन्शीने, म्हणजे ठाण्यातल्या लेखनिक पोलिसाने, अर्धा तास ऐकून विचारलं, "पाइप लगाया ना उसने? तो फिर धोखा क्या हुआ?" मी झडपेबद्दल सांगितलं, घाटाबद्दल सांगितलं, कापलेल्या पाइपाचे फोटो दाखवले. त्याने फोटो मोठा करून पाहिला आणि म्हणाला, वेल्डिंग तो अच्छी की है. तिसऱ्या दिवशी "सिविल मॅटर". चौथ्या दिवशी, गाळा आमच्या हद्दीत येतच नाही. मग चार दिवस मला बसवलं कशाला? हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. नऊ दिवसांनी मेसेज, तक्रारीचं निराकरण झालं आहे. कोणाचं झालं, देव जाणे.

एक वकील म्हणाला, गाडी धंद्याची, तुम्ही ग्राहकच नाही. हे अर्धवट आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगार म्हणून घेतलेलं वगळलेलं नाही. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही, मुदत दोन वर्षं. मी अर्ज टाकणार आहे. अडचण बिलाची. माझ्याकडे चिठोरं आहे: पाइप २१,०००, सायलेन्सर ९,५००, पंप ५,०००, मजुरी ३,०००. वर ना नाव, ना जीएसटी. रोख देताना पक्कं बिल मागितलं असतं तर तो "घरचा" माणूस तिथेच परका झाला असता. आणि काढलेला प्रत्येक जुना भाग गाडीत टाकून घरी आणा, गंजका असला तरी.

ती पाच इंची झूल महिनाभर अंगणात पडून होती. बायको रोज तिला वळसा घालून तुळशीला पाणी घालायची, बोलायची नाही. शेवटी भंगारवाल्याला हाक मारली. मी म्हटलं, नीट बघ, ३०४ स्टेनलेस आहे, एकवीस हजारांची. त्याने खिशातून दोरीला बांधलेलं चुंबक काढलं आणि सोडलं. टक्. ३०४ ला चुंबक चिकटत नाही, पण वाकवलेल्या जागी जरासं ओढतं, म्हणून मीच त्याला सरळ भागावर लावायला सांगितलं. तिथेही टक्.

"लोहा है बाऊजी."

१९ किलो, ३२ च्या भावाने, ६०८ रुपये.