शहापुरातलं पाळीव प्राण्यांचं दुकान : खाद्यापुरतं ठीक

खाद्य ताजं, भाव रास्त, कामावरचा पोरगा बोलायला गोड. मांजराची वाळू टिळकवाडीपेक्षा स्वस्त. पण मागे कोंबडीच्या खुराड्याएवढ्या पिंजऱ्यात 'लांडग्याचं क्रॉस' म्हणून पिल्लू ठेवलंय. मालक म्हणतात, "ओरिजिनल आहे की ओ, घरात रुबाब बघा!" कसला रुबाब? ते सारखं गोल गोल फिरत होतं आणि माणूस जवळ आला की मुतत होतं. लांडगा एका रात्रीत कोसच्या कोस हिंडतो. त्याचं रक्त असलेलं जनावर फ्लॅटात काय करणार, दारं कुरतडणार! लांडगा १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत, येतो म्हटलं, तर "मग अल्सेशियन समजा." शेजारी देशी पोपट, तेही बेकायदाच. दोन तारे, तेही खाद्याचे. वनखात्याला कळवलंय.