कॅरिबियन क्रूझ दोघांसाठी: पूर्व, पश्चिम की दक्षिण?

कॅरिबियन क्रूझचा विचार सुरू झाला की बहुतेक जोडपी आधी जहाज पाहतात. कोणत्या जहाजावर किती तरणतलाव आहेत, रात्री कोणते कार्यक्रम होतात, जेवणाची किती दालने आहेत, यांची तुलना करण्यात आठवडे जातात, आणि ते जहाज नेमके कोणत्या बेटांना जाते याकडे सर्वांत शेवटी लक्ष जाते. दोघांनीच जायचे असेल तर हा क्रम उलटा असावा, असे माझे ठाम मत आहे. मुले बरोबर असतात तेव्हा जहाजावरची करमणूक हाच सहलीचा गाभा ठरू शकतो. दोघांच्या सहलीत मात्र खरा प्रश्न असतो तो मोकळ्या वेळेचा. सात दिवसांतले किती दिवस नुसत्या समुद्रावर घालवायचे आणि किती दिवस बेटांवर उतरून फिरायचे, हे आधी ठरायला हवे, आणि ते जहाजावर नव्हे तर मार्गावर अवलंबून असते.

हे मार्ग ढोबळमानाने तीन आहेत. पूर्वेचा मार्ग मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हेरल या फ्लोरिडातील बंदरांतून निघतो आणि सेंट थॉमस, सिंट मार्टेन, पुएर्तो रिकोतील सान हुआन, डॉमिनिकन प्रजासत्ताकातील पुएर्तो प्लाता अशा ठिकाणी थांबतो. मायामीपासून सेंट थॉमस सुमारे 1,000 सागरी मैलांवर आहे, त्यामुळे सात रात्रींच्या सफरीत बहुधा तीन पूर्ण दिवस जमीन दिसत नाही. उरलेल्या दिवसांतला एक दिवस पुष्कळदा कंपनीच्या स्वतःच्या बेटावर जातो. रॉयल कॅरिबियनचे कोकोके किंवा डिस्नीचे कॅस्टअवे के ही बहामातील अशीच बेटे आहेत. तेथील किनारा स्वच्छ आहे, आरामखुर्च्या मांडलेल्या असतात आणि जहाजाचेच जेवण तेथे मिळते. पण बेटावरच्या माणसांचे रोजचे जीवन पाहायचे असेल तर ते तेथे सापडणार नाही. वर्षभराच्या दगदगीनंतर ज्यांना झोप, वाचन आणि एकमेकांशी निवांत बोलणे एवढेच हवे आहे, त्यांना पूर्वेचा मार्ग मी निःसंकोच सुचवेन. सेंट थॉमसला उतरल्यावर मात्र शार्लट अमेली या शहरातील दागिन्यांच्या दुकानांत दिवस घालवू नये. त्याच बेटावरच्या रेड हूक बंदराहून फेरीने सुमारे वीस मिनिटांत सेंट जॉन बेटावर जाता येते. त्या बेटाचा बराचसा भाग राष्ट्रीय उद्यानात मोडतो आणि तेथील ट्रंक बे या किनाऱ्यावर पाण्याखाली माहितीफलक लावलेली स्नॉर्केलिंगची (नळीने श्वास घेत पाण्याखाली पाहत पोहण्याची) वाट आहे.

पश्चिमेचा मार्ग फ्लोरिडाबरोबरच टेक्ससमधील गॅल्व्हेस्टन आणि न्यू ऑर्लीन्स येथूनही निघतो. त्याचे थांबे मेक्सिकोतील कोझुमेल आणि कोस्टा माया, होंडुरासमधील रोआतान, बेलीझ, जमैका आणि ग्रँड केमन यांपैकी असतात. पाण्याखालचे जग पाहायचे असेल तर हा मार्ग फार समृद्ध आहे, कारण मेक्सिकोपासून होंडुरासपर्यंत सुमारे 1,000 किलोमीटर पसरलेली मेसोअमेरिकन प्रवाळरांग येथेच आहे, आणि ऑस्ट्रेलियातील ग्रेट बॅरियर रीफनंतर ती जगातील दुसरी सर्वांत मोठी प्रवाळरांग मानली जाते. ग्रँड केमनजवळच्या उथळ वाळूपट्ट्यावर कमरेएवढ्या पाण्यात उभे राहिले की स्टिंगरे हे चपटे मासे अगदी पायांजवळून फिरतात. कोळी पूर्वी तेथे मासे साफ करीत असत आणि ते अवशेष खाण्यासाठी हे जलचर तेथे जमू लागले.

माया संस्कृतीच्या अवशेषांची ओढ असणाऱ्यांनी येथे थोडे गणित मांडावे. कोझुमेलहून तुलूमला जायचे तर आधी फेरीने मुख्य भूमीवर जावे लागते, मग बसचा प्रवास, आणि परतीला पुन्हा तेच. दिवसाचा मोठा भाग वाहनांत जातो. अवशेषच पाहायचे असतील तर कोस्टा मायाहून चाकचोबेन किंवा बेलीझ सिटीहून ‘अल्तुन हा’ ही ठिकाणे बरी पडतात. या मार्गाची दुसरी अडचण टेंडरची, म्हणजे जहाजातून किनाऱ्यावर नेणाऱ्या लहान बोटींची आहे. ग्रँड केमनला आणि बेलीझ सिटीला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. ती खोल पाण्यात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटींनी किनाऱ्यावर नेले जाते. रांगेत थांबण्यात सकाळ सरते, आणि समुद्र खवळलेला असेल तर थांबाच रद्द होतो. कंपनीच्या करारात थांबे बदलण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे राखलेला असतो, त्यामुळे अशा वेळी बंदराचे शुल्क परत मिळण्यापलीकडे फारशी भरपाई मिळत नाही. एखाद्या एकाच ठिकाणासाठी दोघांचा जीव अडकला असेल आणि ते ठिकाण टेंडरचे असेल, तर ही जोखीम आधीच लक्षात घ्यावी.

दक्षिणेचा मार्ग मला दोघांसाठी सर्वांत चांगला वाटतो. सान हुआनहून निघणाऱ्या सात रात्रींच्या सफरीत पाच किंवा सहा बेटे होतात आणि समुद्रावरचा पूर्ण दिवस बहुधा एकच असतो. सेंट लुशिया, बार्बाडोस, ग्रेनाडा, डॉमिनिका, मार्टिनिक, अँटिग्वा आणि त्याखाली व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यासमोरची अरुबा, बोनेर, कुरासाओ ही तीन बेटे, यांतून वेगवेगळ्या जुळण्या केलेल्या असतात. प्रत्येक बेटाची घडण, भाषा आणि इतिहास वेगळा आहे. सेंट लुशियात पितों ही जुळी शिखरे थेट समुद्रातून वर आलेली दिसतात. 2004 पासून ती युनेस्कोच्या जागतिक वारशात आहेत. कॅस्ट्रीजच्या धक्क्यावरून वळणावळणाच्या रस्त्याने तेथे जाता येते, पण शिखरे पाहण्यासाठी समुद्राच्या बाजूने कॅटामरान या जुळ्या सांगाड्याच्या बोटीतून जाणे अधिक चांगले. मार्टिनिकमध्ये सेंट पिएर हे शहर आहे, जे 8 मे 1902 रोजी माँ पेले ज्वालामुखीच्या स्फोटात काही मिनिटांत उद्ध्वस्त झाले आणि ज्याचे अवशेष आजच्या घरांच्या मधोमध उभे आहेत.

कुरासाओची राजधानी विलेमस्टाड येथे तर जहाजातून उतरून चालतच शहरात जाता येते. बंदराच्या तोंडावर 1888 सालचा क्वीन एम्मा हा तरंगता लाकडी पूल आहे. जहाज आत यायचे झाले की घंटा वाजते, दोन्ही टोकांची फाटके बंद होतात आणि होड्यांसारख्या तरंगत्या आधारांवर उभा असलेला तो अख्खा पूल एका टोकाशी वळत बाजूला सरकतो. फाटक लागताना पुलावर असलेली माणसे तेथेच कठड्याला रेलून उभी राहतात, आणि समोरची पिवळी, निळी, तांबडी डच घरे त्यांच्या डोळ्यांपुढून हळूहळू सरकू लागतात. पूल उघडा असेपर्यंत पलीकडे जाण्यासाठी मोफत फेरी असते. असा अनुभव कोणत्याही सहलीच्या पुस्तिकेत विकत मिळत नाही. तो घ्यायला दोघांच्या हाताशी मोकळा अर्धा दिवस असावा लागतो.

या मार्गात दमणूक आहे, हेही खरे. रोज सकाळी नवे बेट, रोज उतरणे, रोज ठरल्या वेळेआधी परतणे, यात ज्यांना उशिरापर्यंत झोपायची सवय आहे त्यांची कुचंबणा होते. सान हुआनपर्यंतच्या विमानाचा खर्च वेगळा असतो, आणि फ्लोरिडाहून निघून कुरासाओपर्यंत जायचे तर सात रात्री सहसा पुरत नाहीत. त्यातच डिसेंबर ते फेब्रुवारीत या बेटांवरचे व्यापारी वारे जोर धरतात आणि एका बेटाकडून दुसऱ्याकडे जाताना जहाज हलते. जोडीदारापैकी एकाला समुद्र लागत असेल तर पश्चिमेचा मार्ग तुलनेने सौम्य ठरतो, कारण त्याचा काही भाग क्यूबाच्या आडोशाने जातो; पूर्वेच्या जहाजांना खुल्या अटलांटिकचा मारा सोसावा लागतो.

ऋतूचा विचार तिन्ही मार्गांना लागू आहे. अटलांटिकमधील चक्रीवादळांचा हंगाम 1 जून ते 30 नोव्हेंबर असा धरला जातो आणि त्याचा कळस सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या आसपास असतो. या काळात भाडी उतरतात, पण मार्ग ऐन वेळी बदलण्याची शक्यता वाढते. दक्षिणेला वादळे जात नाहीत असे सरसकट सांगितले जाते, ते अरुबा, बोनेर आणि कुरासाओ यांच्यापुरते बऱ्याच अंशी खरे आहे. ग्रेनाडाच्या अखत्यारीतील कॅरियाकू बेटावर मात्र 1 जुलै 2024 रोजी बेरिल वादळाने मोठा विध्वंस केला. माझ्या दृष्टीने डिसेंबरचे पहिले दोन आठवडे सर्वोत्तम, कारण तेव्हा हंगाम संपलेला असतो आणि नाताळची भाडेवाढ लागू झालेली नसते. उन्हाळ्यात मेक्सिकोच्या किनाऱ्यावर तपकिरी सरगॅसम शेवाळाचे ढीग लागतात, तेव्हा पश्चिमेच्या मार्गावर समुद्रस्नानासाठी जाणाऱ्यांनी तेवढे ध्यानात ठेवावे.

मार्ग ठरला की जहाजाची निवड आपोआप अरुंद होते. जानेवारी 2024 मध्ये सेवेत आलेले आयकॉन ऑफ द सीज 2,48,663 सकल टनांचे (हे माप वजनाचे नव्हे, आकारमानाचे) आहे. एका केबिनमध्ये दोघे असे धरले तरी त्यावर 5,610 प्रवासी मावतात, आणि सर्व खाटा भरल्या तर 7,600 पर्यंत. एवढे जहाज फक्त मोठ्या धक्क्यांनाच लागू शकते, म्हणून अशा जहाजांच्या फेऱ्या पूर्व आणि पश्चिमेच्या मोजक्या बंदरांभोवती होतात. याच्या अगदी दुसऱ्या टोकाला पाच डोलकाठ्यांचे रॉयल क्लिपर हे शिडाचे जहाज आहे, जे हिवाळ्यात बार्बाडोसहून निघून आसपासची लहान बेटे करते. त्यावर 227 प्रवासी असतात. मोठी नाट्यगृहे, कॅसिनो यांतले काहीच तेथे नाही. लिफ्टसुद्धा नाही, त्यामुळे गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी ते टाळावे. ज्यांना रात्री डेकवर उभे राहून शिडे वर चढताना पाहायची आहेत, त्यांनी मात्र खर्च थोडा अधिक झाला तरी हेच निवडावे. या दोहोंच्या मधला पर्याय म्हणजे व्हर्जिन व्हॉयेजेसची जहाजे. त्यांवर अठरा वर्षांखालील कोणालाही प्रवेश नसल्याने तलावावर शांतता मिळते.

केबिनच्या बाबतीत बाल्कनी घ्यावी की आतली खोली, हा प्रश्न नेहमी भाड्याच्या अंगाने विचारला जातो. तो मार्गाच्या अंगाने विचारला तर उत्तर सोपे होते. पूर्वेच्या मार्गावर तीन दिवस जहाजावरच काढायचे असतात, तेव्हा बाल्कनी ही दोघांची दुसरी खोली होते: एकजण पहाटे उठून बाहेर बसतो आणि दुसऱ्याची झोप मोडत नाही. दक्षिणेच्या मार्गावर दिवसभर बाहेरच असायचे, मग आतली केबिन घेऊन वाचलेले पैसे बेटांवर खर्च करणे शहाणपणाचे. आतल्या केबिनमध्ये दिवा मालवला की दिवस आहे की रात्र हे कळत नाही. एखाद्याला त्याचीच धास्ती वाटते, आणि जोडीदाराला ते आधी स्पष्ट विचारलेले बरे. केबिन कोणतीही घेतली तरी ती जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर असावी, म्हणजे हेलकावे कमी जाणवतात. नकाशात तिच्या वर काय आहे तेही पाहावे, कारण तलावाच्या डेकखाली झोपणाऱ्यांना पहाटे खुर्च्या ओढल्याचा आवाज ऐकत उठावे लागते. पलंग पुष्कळदा दोन एकेरी गाद्या जोडून केलेला असतो. मधली फट नको असेल तर पहिल्याच संध्याकाळी केबिनच्या सेवकाकडे वर घालायची जाड चादर मागावी.

जाहिरातीतले भाडे माणशी असते आणि केबिनमध्ये दोघे आहेत असे धरून लिहिलेले असते. त्यावर बहुतेक मोठ्या कंपन्यांत सेवकांची बक्षिसी माणशी रोज साधारण 16 ते 20 डॉलर लागते, म्हणजे दोघांचे आठवड्याचे 224 ते 280 डॉलर. पेयांच्या पॅकेजबाबत अनेक कंपन्यांचा नियम असा आहे की केबिनमधील एका प्रौढाने ते घेतले तर दुसऱ्यानेही घ्यावेच लागते. दोघांपैकी एकच मद्य घेत असेल तर हा सौदा परवडत नाही, ग्लासागणिक पैसे देणे स्वस्त पडते. बेटावर खासगी टॅक्सीने फिरणे जहाजाच्या सहलीपेक्षा स्वस्त आणि अधिक मोकळे असते, पण परतायला उशीर झाला तर जहाज थांबते ते स्वतःच्या सहलीच्या बससाठी. म्हणून लांबच्या ठिकाणासाठी जहाजाची सहल आणि जवळच्या किनाऱ्यासाठी टॅक्सी, अशी विभागणी करावी.

कागदपत्रांत एक गोष्ट हमखास राहून जाते. ज्यांना अमेरिकेचा व्हिसा लागतो त्यांना फ्लोरिडा किंवा सान हुआनहून निघणाऱ्या जहाजासाठी अनेक वेळा प्रवेशाची मुभा असलेला व्हिसा हवा, कारण जहाज देशाबाहेर जाऊन पुन्हा आत येते. बाळाची चाहूल लागलेल्या जोडप्यांनी तारखा नीट मोजाव्यात. सफर संपेपर्यंत 24 वा आठवडा लागणार असेल तर कंपन्या जहाजावर घेत नाहीत. सनस्क्रीनही तपासून घ्यावे, कारण प्रवाळाला अपायकारक असलेली काही रसायने सेंट थॉमस आणि सेंट जॉन ज्यांत मोडतात त्या यू. एस. व्हर्जिन आयलंड्समध्ये 2020 पासून बंद आहेत.

दक्षिणेचा मार्ग निवडलाच तर सान हुआनला एक दिवस आधी पोहोचावे. विमानाला उशीर झाला म्हणून जहाज थांबत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण. दुसरे कारण म्हणजे जुन्या शहरातील निळसर दगडांच्या गल्ल्यांतून चालत एल मोरो किल्ल्यापर्यंत जायला मिळते; संध्याकाळी त्याच्यासमोरच्या विस्तीर्ण हिरवळीवर लोक पतंग उडवत असतात आणि उद्या ज्या समुद्रावर जायचे तो तेथून समोरच दिसतो.