सिलिंडर ठेवायचा, पाइप गॅस घ्यायचा की इंडक्शन?

सोसायटीत पाइप गॅसचे फॉर्म फिरू लागले की सगळे आधी दर विचारतात. त्याआधी कालनिर्णयवरच्या ‘गॅस लावला’ या नोंदी बघा. 14.2 किलोची टाकी चौघांच्या स्वयंपाकाला साधारण महिना-सव्वा महिना जाते. तीन आठवड्यांतच संपत असेल, तर बहुतेक वेळा गॅस गिझर ती पितोय. मिनिटाला सहा लिटर पाणी 25 अंशांनी तापवायला तासाला सुमारे 900 ग्रॅम गॅस लागतो. चौघांनी दहा-दहा मिनिटं अंघोळ केली, तर रोजचे 600 ग्रॅम गेले.

अशा घराने पाइप गॅस घ्यावा. बुकिंग नाही, ऐन पुरणपोळीच्या दिवशी टाकी संपणं नाही. उष्णतेच्या हिशेबात एक टाकी म्हणजे पाइप गॅसचे साधारण 17-18 घनमीटर. तुमच्या शहरातल्या दराला 18 ने गुणा आणि टाकीच्या किमतीशी ताडून बघा. शेगडीचे जेट, म्हणजे गॅस सोडणारी बारीक तोंडं, मात्र बदलावे लागतात, ते माहितगाराकडूनच. गळती झाली तर पाइप गॅस हलका म्हणून वर जातो, सिलिंडरचा जड म्हणून जमिनीलगत साचतो. गिझर बंद बाथरूममध्ये असेल तर दोन्ही सारखेच घातक. गॅस जळताना तिथे साचणाऱ्या विषारी कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो.

भाड्याचं घर, माणसं दोन, टाकी दोन-दोन महिने जाते? मग सिलिंडरच बरा. पाइपची जोडणी घराला चिकटलेली, टाकीचं कनेक्शन मात्र बदली करून नेता येतं. टाकी घेताना वरच्या पट्टीवरचं अक्षर वाचा: ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, पुढे तसंच, शेजारचा आकडा वर्षाचा. ती टाकीच्या तपासणीची मुदत; उलटलेली असेल तर टाकी परत पाठवा.

गावाकडचं गणित निराळं. देशात 2014 साली साडेचौदा कोटींच्या आसपास घरगुती कनेक्शनं होती, आता सुमारे 33 कोटी. पण 2016 पासूनच्या उज्ज्वला योजनेतली घरं 2019-20 मध्ये वर्षाला जेमतेम तीन टाक्या भरून घेत, 2024-25 मध्ये साडेचारच्या आसपास. म्हणजे टाकी आली तरी चूल विझलेली नाही. तिथे एकरकमी पैसे जड जात असतील तर 5 किलोची टाकी विचारून बघा.

इंडक्शन चहा, कुकर, दूध यांना उत्तम. भाकरी मात्र तिच्यावर फुगत नाही; तिला जाळच लागतो. जोडीला घ्या, एकट्या इंडक्शनवर घर सोपवायचं तर आधी तुमच्याकडे वीज किती जाते ते बघा.