कृत्रिम हिरवळ फाटली: ठिगळ लावायचं की सगळीच बदलायची?

अंगणातल्या कृत्रिम हिरवळीला झोपाळ्याखाली टक्कल पडलं, की दोनच वाटा उरतात: तेवढाच तुकडा बदलायचा, किंवा सगळा रोल नवा अंथरायचा.

माझं मत ठिगळाच्या बाजूने. फक्त दुकानातून आणलेला नवा तुकडा तिथे लावू नका. उन्हाने विटलेल्या पात्यांत तो पोपटी डागासारखा उठून दिसतो. कुंड्यांमागचा जुना तुकडा कापून मधे बसवा आणि नवा कुंड्यांमागे लपवा. कापताना हिरवळ उलटी करून पाठीवरच्या टाक्यांच्या दोन ओळींमधून कटर चालवा, म्हणजे पाती सुटत नाहीत. पात्यांचा कल शेजारच्यांसारखाच हवा; उलटा बसला तर तिरप्या उन्हात तो चौकोन वेगळाच चमकतो. खाली जोडपट्टी आणि पाण्यात टिकणारं अ‍ॅडेसिव्ह. भर पावसाळ्यात हे काम काढू नका, ओलीवर जोड धरत नाही.

सगळी बदलणं महाग, शिवाय एवढं प्लास्टिक कचऱ्यात जाणार, याचं मला खरंच वाईट वाटतं. पण पाठीचं अस्तर बोटांनी चुरत असेल, किंवा खाली पाणी साचून कुबट वास येत असेल, तर ठिगळ लावून उपयोग नाही. तेव्हा सगळी उचला, खालचा उतार नीट करा, मगच नवी अंथरा.