अर्ध्या भाड्यातली क्रूझ आणि ३४,८३९ रुपयांचा भुर्दंड

गेल्या दिवाळीच्या 'महासेल'मध्ये ५० टक्के सवलतीने घेतलेली सिंगापूरची क्रूझ आम्हाला, त्याच जहाजावर, त्याच तारखेला आणि त्याच दर्जाच्या केबिनसाठी ऑगस्टमध्ये कोणत्याही सवलतीशिवाय पैसे भरणाऱ्या माझ्या दिरांपेक्षा ३४,८३९ रुपयांनी महाग पडली. हा आकडा अंदाजाने लिहिलेला नाही. दोन्ही बिले शेजारी ठेवून, ओळीला ओळ लावून काढलेला आहे. मी एका कारखान्याच्या हिशेबखात्यात नोकरी करते आणि पुरवठादारांच्या बिलांतल्या अशाच चोरवाटा शोधण्याचा मला पगार मिळतो, त्यामुळे हे सगळे मला नावानिशी ओळखणाऱ्या लोकांना सांगण्याची मला लाज वाटत आली आहे. परंतु यंदाच्या दसऱ्यापासून तशाच जाहिराती पुन्हा सुरू झाल्या आहेत आणि लाज बाळगून गप्प बसल्याने आम्हाला ही सफर विकणाऱ्या प्रवासी एजन्सीचेच फावणार आहे.

जाहिरात अशी होती: सिंगापूरहून निघून पेनांग आणि फुकेत करून सिंगापूरला परत, चार रात्री, बाल्कनीची केबिन, मे महिन्याच्या सुट्टीत. मूळ भाडे माणशी १,१८,००० रुपये, त्यावर आडवी रेघ, आणि खाली लाल अक्षरांत ५९,००० रुपये. त्याच केबिनमध्ये राहणारी दोन मुले 'मोफत'. म्हणजे आम्हा चौघांचे मिळून १,१८,००० रुपये. माझे दीर आणि जाऊ नाशिकला असतात. त्यांनी हीच सफर आधी ठरवली होती, आणि घाई करू नका, दिवाळीत सेल लागतोच, असे मीच त्यांना फोनवर सांगितले होते. त्यांनी ऐकले नाही, म्हणून ते वाचले.

आता प्रत्यक्षात भरलेली रक्कम पाहा. भाडे १,१८,०००. बंदरशुल्क आणि कर म्हणून माणशी १४,६०० रुपये, चौघांचे ५८,४००. कारण मुलांचे फक्त भाडे मोफत होते, बाकी काहीच मोफत नव्हते. कर्मचाऱ्यांच्या टिपसाठी, म्हणजे ज्याला ग्रॅच्युइटी म्हणतात त्यासाठी, माणशी प्रतिरात्र १,२५० प्रमाणे २०,०००. 'हॉलिडे सरचार्ज' माणशी ४,५०० प्रमाणे १८,०००. बुकिंग हाताळणी शुल्क ६,०००. झाले २,२०,४००. त्यावर ५ टक्के जीएसटी ११,०२०, आणि परदेशी सहलीच्या पॅकेजवर त्या आर्थिक वर्षात ७ लाखांपर्यंत लागू असलेला ५ टक्के टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ वसूल करून सरकारजमा करायचा आयकर, ११,५७१. एकूण २,४२,९९१ रुपये. अर्ध्या किमतीच्या क्रूझचा हा पूर्ण हिशेब.

या ओळी एकदम समोर आल्या असत्या तर कोणीही उठून गेले असते. त्या तशा येत नाहीत. एजन्सीच्या संकेतस्थळावर केवळ भाडे दिसते. माहिती भरली की बंदरशुल्क उगवते, पासपोर्ट क्रमांक टाकले की सरचार्ज येतो, आणि शेवटच्या पानावर कर लागतात. तोपर्यंत मुलांनी शाळेत सांगून टाकलेले असते.

ज्या क्षणी सगळे ओळखायला हवे होते, तो क्षण मला आजही रात्री आठवतो आणि चीड येते. त्या पानाच्या वरच्या कोपऱ्यात उलटे मोजणारे घड्याळ होते: 'या दराला १४ मिनिटे ५९ सेकंद शिल्लक', आणि त्याखाली 'या प्रकारच्या फक्त २ केबिन उरल्या आहेत'. आमचे अर्धे फॉर्म भरून झाले आणि इमारतीतली वीज गेल्यामुळे वायफाय बंद पडले. वीज आल्यावर पान नव्याने उघडले, तर घड्याळ पुन्हा १४:५९ वरून सुरू झालेले आणि केबिनही दोनच. मी ते पाहिले. 'अहो, हे घड्याळ पुन्हा पहिल्यापासून कसे सुरू झाले?' असे मोठ्याने म्हणालेही. मिस्टर म्हणाले, आपल्याला परत वेळ मिळाला हे बरेच झाले. धनत्रयोदशीच्या आदल्या दिवसाची संध्याकाळ, चकलीची भाजणी दळून आणायची राहिलेली, आणि एजन्सीचा मुलगा फोनवर 'ताई, मी तुमच्यासाठी केबिन धरून ठेवली आहे, पण पेमेंट आजच लागेल' असे दर दहा मिनिटांनी सांगत होता. त्या परिस्थितीत कोणता माणूस घड्याळाच्या आज्ञावलीची चौकशी करत बसला असता, हे मला टीका करणाऱ्यांनी सांगावे. खरी मुदत असलेली सवलत पान पुन्हा उघडल्याने वाढत नाही. तसे घडताना दिसले तर पान तिथेच बंद करावे आणि पडद्याचे छायाचित्र वेळेसह जपून ठेवावे. माझ्याकडे ते नाही.

पैसे क्रेडिट कार्डाने भरले तर अडीच टक्के जादा लागतील असे सांगितल्यामुळे आम्ही ते बँकेतून एनईएफटीने पाठवले. हे 'जादा' म्हणजे त्यांची ढाल असते. कार्डाने भरलेल्या रकमेबद्दल बँकेकडे वाद नोंदवता येतो. स्वतःच्या हाताने पाठवलेल्या एनईएफटीबद्दल बँक हात वर करते, आणि आमच्या बँकेने ते अत्यंत नम्रपणे केले.

मे महिन्यात आम्ही मरीना बे क्रूझ सेंटरवरून जहाजावर चढलो. जहाज उत्तम होते, फुकेतला छोट्या बोटींतून किनाऱ्यावर नेण्याची व्यवस्थाही चोख होती. त्या बाबतीत माझी काहीच तक्रार नाही. उतरण्याच्या आदल्या रात्री केबिनचे खाते पाहिले तेव्हा त्यात ग्रॅच्युइटीचे ३२० सिंगापूर डॉलर लागलेले दिसले. आम्ही ती आधीच भरली आहे असे स्वागतकक्षात सांगितल्यावर तिथल्या मुलीने पडदा आमच्याकडे वळवून दाखवला: आमच्या नावावर टिपेची कोणतीही आगाऊ रक्कम जमा नव्हती. एजन्सीने घेतलेले २०,००० रुपये जहाजापर्यंत पोहोचलेच नव्हते. शेवटी कार्डावर रूपांतराच्या शुल्कासह २१,९६४ रुपये पुन्हा गेले.

त्याच पडद्यावर दुसरी गोष्ट दिसली, आणि तिने माझे पाय गळाले. कर, शुल्क आणि बंदरखर्च मिळून क्रूझ कंपनीने माणशी १४४ सिंगापूर डॉलर घेतले होते, म्हणजे बुकिंगच्या वेळच्या दराने सुमारे ९,२०० रुपये. आमच्याकडून घेतले १४,६००. 'हॉलिडे सरचार्ज' नावाची ओळ कंपनीच्या खात्यात नव्हतीच.

जावेच्या केबिनमध्ये जाऊन मी तिच्या फोनवरचे बिल मागितले. तिचे कुटुंबही चौघांचेच आहे. तिला पहिल्या दोघांचे भाडे माणशी ४६,००० आणि मुलांचे माणशी २०,००० पडले होते, एकूण १,३२,०००, बंदरशुल्क ३६,८००, टिप २०,०००, जीएसटी ९,४४०, टीसीएस ९,९१२, सगळे मिळून २,०८,१५२ रुपये. ती बिचारी एक शब्दही टोचून बोलली नाही, आणि ते अधिकच लागले. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे नोंदवते: सेलमधले आमचे नुसते भाडे तिच्यापेक्षा १४,००० रुपयांनी खरोखरच कमी होते. सेल अगदीच खोटा नव्हता. ते १४,००० सोडून, फुगवलेल्या बंदरशुल्काचे २१,६००, सरचार्जचे १८,००० आणि हाताळणीचे ६,००० आमच्याकडून काढून घेतले गेले, आणि त्यावर कर लागला. सवलत भाड्यावर असते आणि भाडे हा एकूण खर्चाचा केवळ एक भाग असतो, एवढ्याच फटीतून हा सगळा धंदा चालतो.

परत आल्यावर मी या विषयात बरेच वाचले आणि विचारले. रेघ मारलेले 'मूळ भाडे' ही अनेकदा अशी रक्कम असते की जी कोणीच भरलेली नसते. जहाज सुटले की रिकामी केबिन कायमची वाया जाते, म्हणून क्रूझचे दर बुकिंग पाहून वर्षभर वरखाली होत असतात. सणाचा सेल हा त्या चढउतारातला एक दर असतो, तळाचा दर असेलच असे नाही. अमेरिकेत असलेली माझी मावसबहीण सांगते की तिकडेही जानेवारी ते मार्च हा क्रूझविक्रीचा मोठा हंगाम असतो आणि 'दुसऱ्या प्रवाशाला निम्मे भाडे' ही जाहिरात सर्रास दिसते. ती वाचताना निम्मे वाटते, पण दोघांच्या भाड्यावर सरासरी सवलत २५ टक्केच होते आणि बंदरखर्च वेगळा. कॅलिफोर्निया राज्यात १ जुलै २०२४ पासून सक्तीचे शुल्क धरूनच किंमत दाखवावी लागते.

आपल्याकडे नियम नाहीत असे नाही. केंद्र सरकारने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी 'डार्क पॅटर्न' रोखण्यासाठी मार्गदर्शक तत्त्वे जारी केली आहेत. त्यांत ग्राहकाला फसवणारे १३ प्रकार दिले असून खोटी घाई निर्माण करणे आणि किंमत टप्प्याटप्प्याने उघड करणे हे दोन्ही त्यांत आहेत. आमच्या बाबतीत दोन्ही घडले. मग तक्रार कोणी घ्यायची, या प्रश्नावर माझे पुढचे महिने गेले.

ग्राहकांसाठीच्या एका हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. एजन्सीने उत्तर दिले की ग्राहकाने अटी मान्य केल्या होत्या, आणि त्या एका वाक्यावर माझी तक्रार 'निकाली' निघाल्याचा संदेश आला. मी कोणत्या अटी मान्य केल्या, टिपेचे पैसे कुठे गेले, हे विचारण्याची कोणालाही गरज वाटली नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर साहेब म्हणाले, 'मॅडम, तुम्ही स्वतः पैसे भरलेत, जहाजावर गेलात, फिरून आलात, फोटोही काढले असतील. मग फसवणूक कुठे झाली? हा दिवाणी वाद आहे.' वीस हजार रुपये एका कारणासाठी घेऊन ते त्या कारणासाठी न देणे यात दिवाणी काय आहे, हे विचारल्यावर लेखी अर्ज देऊन जायला सांगितले. अर्जाची पोच मागितली तर शिक्का मारणारे जेवायला गेले होते. पर्यटन खात्याकडे दाद मागावी तर प्रवासी एजन्सीने सरकारी मान्यता घेणे हे ऐच्छिक आहे, सक्तीचे नाही, अशी माहिती मिळाली. म्हणजे वडापावच्या गाडीला परवाना लागतो, आणि लोकांचे लाखो रुपये आगाऊ घेणाऱ्याला केवळ एक गाळा आणि एक संकेतस्थळ पुरते.

याहून मोठा धक्का आयकर विवरणपत्र भरताना बसला. एजन्सीने माझ्या पॅनकार्डाची प्रत घेऊन ११,५७१ रुपये टीसीएस कापला होता. ही रक्कम आपल्या नावावर सरकारजमा होते आणि विवरणपत्रात वळती करून घेता येते. माझ्या फॉर्म २६एएसमध्ये, म्हणजे आपल्या पॅनवर जमा झालेल्या कराच्या उताऱ्यात, तिची नोंदच नव्हती. जावेची नोंद होती, तिचा परतावाही आला. मी कराच्या कार्यालयात विचारले, तर मला वसूल करणाऱ्याकडून २७डी प्रमाणपत्र आणण्यास सांगण्यात आले. ज्याने रक्कम भरली नाही त्याच्याकडूनच ती भरल्याचे प्रमाणपत्र आणायचे! एजन्सीत गेले तर तो फोनवरचा मुलगा नोकरी सोडून गेला होता आणि मालक मला म्हणाले, 'मॅडम, एवढी मोठी ट्रिप केलीत, आता दहा-अकरा हजारांसाठी कशाला त्रास करून घेता?'

परदेशी सहलीसाठी टीसीएस दिला असेल तर विवरणपत्राच्या हंगामाची वाट पाहू नका. तिमाही उलटल्यानंतर काही आठवड्यांतच २६एएस उघडून पाहा. 'प्रोफॉर्मा' लिहिलेला कागद हे बिल नव्हे, जीएसटी क्रमांक असलेले करबिल मागा आणि तो क्रमांक सरकारी पोर्टलवर तपासा. एजन्सीच्या लेटरहेडवरच्या पीडीएफवर विश्वास ठेवू नका: क्रूझ कंपनीचे स्वतःचे बुकिंग कन्फर्मेशन मागा, कारण त्यात बंदरखर्च आणि आगाऊ टिप खऱ्या आकड्यांनिशी लिहिलेली असते. आम्हाला ते प्रवासाच्या तोंडावर मिळाले आणि त्यातही रकमेचे पान नव्हते. सेलच्या दरात बहुतेकदा रद्द करण्याची आणि बदलाची सोय नसते. जावेच्या साध्या दरात ती अंतिम हप्त्यापर्यंत होती. सेलची तुलना रेघ मारलेल्या आकड्याशी न करता महिन्याभरापूर्वीच्या, सर्व करांसहच्या लेखी दरपत्रकाशी करा. असे दरपत्रक हाती नसेल तर तुम्हाला सवलत मिळाली की नाही हे तुम्हाला कळणारच नाही.

आता जिल्हा ग्राहक आयोगाकडे तक्रार दाखल केली आहे. मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्यात ऑनलाइन करता येते आणि कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते. हे मला एकाही कार्यालयाने सांगितले नाही, स्वतः कायदा वाचून कळले. ३४,८३९ रुपये, टिपेचे २०,०००, टीसीएसचे ११,५७१ आणि मानसिक त्रासाची भरपाई अशी मागणी आहे. ज्यांच्या बिलात 'हॉलिडे सरचार्ज' किंवा जहाज कंपनीच्या कागदावर नसलेली अशी कोणतीही ओळ असेल, त्यांनी मूळ बिल, बँकेची नोंद आणि एजन्सीशी झालेले व्हॉट्सॲप संभाषण पुसू नये. माझे संभाषण फोन बदलताना अर्धे गेले, आणि आयोगापुढे एजन्सीचा वकील पहिल्यांदा तेच मागणार आहे.