लिलीपाँडमधील ट्रेमोलोची मांडणी

संगणकावर स्वरलेखन करण्याच्या लिलीपाँड या मोफत प्रणालीत ट्रेमोलोचे (एक स्वर किंवा दोन स्वर आलटूनपालटून जलद पुन्हा पुन्हा वाजवण्याच्या खुणेचे) काम मला अतिशय समाधानकारक वाटले. एकाच स्वरासाठी त्यापुढे अपूर्णविराम आणि ३२ हा आकडा लिहिला की पाव स्वराच्या (पूर्ण स्वराच्या पाव लांबीच्या स्वराच्या) दांड्यावर तीन तिरप्या रेघा येतात. आठांश स्वराला शेपटी असल्यामुळे प्रणाली आपणहून दोनच रेघा काढते, आणि ही जाण मला फार मोलाची वाटते. दोन स्वरांमधील ट्रेमोलोत मात्र हिशेब आपल्यालाच करावा लागतो: सोळांशांची जोडी आठ वेळा सांगितल्यावरच पूर्ण स्वराची लांबी भरते, आणि दोन्ही स्वर पूर्ण लांबीचेच छापले जातात, हे नवशिक्याला सुरुवातीला गोंधळात टाकते. मिडीमध्ये (संगणकाने वाजवायच्या संगीताच्या फाइलमध्ये) ही पुनरावृत्ती ऐकू यावी यासाठी ती उलगडण्याची वेगळी आज्ञा द्यावी लागते.