मागचे सेन्सर, पुढची रिले: नऊ महिने आणि एका पावसाळ्यानंतर

गाडी 2014ची पेट्रोल हॅचबॅक. फेब्रुवारीत दोन कामं घरीच केली: चार सेन्सरचं रिव्हर्स पार्किंग किट आणि हेडलाइटला रिले हार्नेस. रिले म्हणजे छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, हार्नेस म्हणजे त्याची तयार वायरिंग. किट, सोल्डर, हीट श्रिंक (तापवली की आवळणारी नळी) पुण्याच्या तपकीर गल्लीतून. हार्नेस आणि लग (वायरच्या टोकाला लावायची धातूची पट्टी) नाना पेठेतून. 1 जुलै 2019 पासून नव्या कारना मागचे सेन्सर सक्तीचे झाले, म्हणजे पहिला भाग त्याआधीच्या गाडीवाल्यांसाठी.

सेन्सर एकही गेला नाही. त्रास दिला तो किटची वायर रिव्हर्स दिव्याच्या वायरला जोडायला किटसोबत फुकट येणाऱ्या निळ्या क्लिपांनी.

या क्लिपमधलं पातं वायरचं इन्सुलेशन कापून तांब्याला टेकतं. काम दोन मिनिटांत होतं, पण तेवढ्याच फटीतून पाणी शिरतं. ऑगस्टमध्ये बझर कधी वाजायचा, कधी मुका. क्लिप उघडली तर तांबं हिरवं पडलेलं. सेन्सर बदलायला निघालेल्यांनी आधी हा जोड पाहावा. आता तिथे मूळ वायर न तोडता दीड सेंटिमीटर सोलून, नवी वायर गुंडाळून सोल्डर केली आणि वर आतून गोंद असलेली हीट श्रिंक चढवली. न तोडलेल्या वायरवर ती मागाहून ओवता येत नाही, पण म्हणून नळी उभी चिरायची नाही. रिव्हर्स दिव्याच्या सॉकेटमधली पिन काढून आधी नळी ओवायची. सोल्डरचा जोड ताठ होतो आणि हादऱ्यांनी कडेला तुटतो, म्हणून दोन्ही बाजूंना तीन-चार सेंटिमीटरवर केबल टाय. काळ्या टेपच्या भरवशावर राहू नका. एप्रिलच्या उन्हात तिचा गोंद पातळ होऊन टेप सुटते.

बंपरला भोक पाडताना हात थरथरतो तो पहिल्याच भोकाला. मास्किंग टेप लावून त्यावर खुणा केल्या: जमिनीपासून 55 सेंटिमीटर, दोन सेन्सरमध्ये साधारण 38. खूण पक्की करण्याआधी खालून हात घालून बघा. मागे लोखंडी पट्टी असली तर सेन्सरचा मागचा भाग बसत नाही. आधी 3 मिमीचं भोक, मग किटमधला होल सॉ बाहेरून आत, ड्रिल हळू. जोरात फिरवलं की प्लास्टिक वितळून कड फुगते आणि सेन्सर तिरका बसतो. सेन्सरवरची वरच्या बाजूची खूण वरच हवी. उलटा बसला तर तो रस्ताच मोजतो आणि मोकळ्या मैदानातही बोंबलतो. गाडीच्या रंगात रंगवायचा मोह झाला तर एकच पातळ हात, कारण जाड रंगाने पुढची चकती नीट कंप पावत नाही.

काय दिसतं, काय नाही? भिंत, खांब, आडवी लावलेली स्कूटर मीटर-दीड मीटरवरून पक्की. सोसायटीच्या गेटची साखळी, बारीक सळई, जाळी बेभरवशाची. फुटपाथची कड अजिबात नाही, ती ध्वनिलहरींच्या खाली राहते. तळघरातल्या पार्किंगमधून उलटं वर चढताना रॅम्पलाच भिंत समजून बझर ओरडतो. मुसळधार पावसात चकतीवर थेंब बसला की खोटी बीप येते. बोटाने पुसलं की गप्प. आणि 30 सेंटिमीटरच्या आतला आकडा खरा मानू नये. एकच चकती आवाज सोडते आणि परत ऐकते. सोडल्यानंतर ती क्षणभर थरथरत राहते, तेवढ्यात परतलेला प्रतिध्वनी तिला कळत नाही. पुण्याच्या पार्किंगमध्ये मात्र खरा प्रश्न शेवटच्या वीतभराचाच असतो, तिथे आरसा आणि मान वळवणं.

आता हेडलाइट. 60/55 वॅटचे एच4 बल्ब, म्हणजे एकाच बल्बमध्ये हाय बीम 60 आणि लो बीम 55 वॅटचा. या गाडीत दोन्ही बल्बचा करंट स्टिअरिंगजवळच्या लाइटच्या स्विचमधून, म्हणजे कांडीतून जातो, लो बीमलाच नऊ अँपिअरच्या वर. इंजिन चालू, लो बीम पेटलेला असताना मोजलं: बॅटरीवर 14.1 व्होल्ट, बल्बच्या होल्डरवर 12.6. दीड व्होल्ट वाटेतच गेला. हार्नेसनंतर होल्डरवर 13.7. हॅलोजनचा प्रकाश व्होल्टेजच्या साधारण 3.4व्या घाताने वाढतो, म्हणजे त्याच बल्बमधून तिसरा हिस्सा जास्त उजेड. ताम्हिणीत रात्री हा फरक मोजावा लागत नाही, दिसतो. बल्बचं आयुष्य मात्र घटतं. डावा सातव्या महिन्यात गेला.

जोडणी अशी: बॅटरीच्या प्लसपासून 15 सेंटिमीटरच्या आत फ्यूज, लो आणि हायसाठी वेगळे 15-15 अँपिअरचे. तिथून 2.5 चौरस मिमीची वायर रिलेच्या 30 नंबरच्या पिनेला, 87 वरून बल्बकडे. 85 आणि 86 ला, म्हणजे रिलेच्या कॉइलच्या पिनांना, जुन्या होल्डरचा प्लग; कॉइल खाते जेमतेम 0.15 अँपिअर, त्यामुळे कांडीला आराम. काही गाड्यांत स्विच मायनसच्या बाजूला असतो. तिथे 85 सरळ बॉडीला लावलं तर लो-हाय दोन्ही रिले एकदम चालू होतात, म्हणून आधी मल्टिमीटर. अर्थच्या बोल्टखालचा रंग चकाकेपर्यंत खरवडा. रिलेच्या पिना खाली ठेवा आणि वायर प्लगच्या आधी खाली झोळ देऊन वर घ्या, नाहीतर पाणी वायरच्याच आधाराने आत उतरतं.

100/90 वॅटचे बल्ब दुकानदार आग्रहाने पुढे करतो. होल्डर वितळतो, आणि समोरच्याला आंधळं करून आपण फार पुढचं पाहतो असंही नाही. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी घातला की उजेड भिंतीवर झकास दिसतो, पण कटऑफ, म्हणजे लो बीमच्या उजेडाची वरची ठरलेली कड, फाटतो. शिवाय कंपनीने न दिलेले असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 मध्ये अडकू शकतात.

राहिलेलं एकच: बंपरमधले सेन्सरचे चार कनेक्टर चाकाच्या चिखलाच्या वाटेत आहेत. दोघांत सिलिकॉन ग्रीस भरलं होतं, ते आतून कोरडे. नुसते ठेवलेले दोन तपकिरी पडलेत. पुढच्या मे महिन्यात बंपर उतरेल तेव्हा त्यांच्या पिना बदलून ग्रीस भरायचं आहे.